न गायलेल्या गाण्याची तारीफ

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज!" बातमीदार ऑबदाया पिनफोल्डने कॉफीघराच्या टेबलावर मूठ आपटली आणि अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या सगळ्यात पातळ कॉफीचे चार पेले एकदम हिंदकळले.

खरं तर विश्वास बसायला हवा होता तो एकाच माणसाचा. समोर संपादक थ्रेलकेल्ड बसले होते. एका हातात त्यांच्या वर्तमानपत्राचा आजचा अंक, दुसऱ्या हातात नाटकगृहाच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी. अंकात पिनफोल्डने छापलं होतं, की काल संध्याकाळी गायिका सिन्योरा बेल्तामेनं अशा ताना घेतल्या की एक सरदारीणबाई बेशुद्ध पडली. चिठ्ठीत होतं, की बाईंचा घसा बसल्यामुळे खेळ झालाच नाही. तारीफ मात्र आवडली, आभारी आहोत.

यात आपलं काही चुकलं असं पिनफोल्डला मुळीच वाटत नव्हतं. संध्याकाळचं गाणं सकाळच्या अंकात यायचं, तर मजकूर दुपारीच छापखान्यात जायला हवा. सगळेच तसं करत. बाईंनी फक्त ठरल्याप्रमाणे गायचं, तेवढंही त्यांना जमू नये? पण आज संपादक फार हळू बोलत होते. ते हळू बोलले की कुणाची तरी नोकरी जायची.

"खेळ झाला नाही. मग बाई गायल्या कुठं रे?"

"बाहेर, साहेब! भर रस्त्यात! दार बंद बघून लोक खवळले. तेवढ्यात बाईंची पालखी आली. गळ्याला फडकं, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, माझे रसिक उपाशी जाणार? आणि पालखीतूनच सूर लावला! घोडागाड्यांचे घोडे गुडघ्यांवर बसले. एका न्यायाधीशाचा केसांचा टोप डोक्यावरून उठला, रस्ता ओलांडून गेला..."

"टोप?"

"आणि परत आला, साहेब. समेवर!"

कॉफीघर खो खो हसलं. थ्रेलकेल्डना मिशा नव्हत्या, नाहीतर त्याही हलल्या असत्या. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. पिनफोल्डचा जीव भांड्यात पडला.

"हे उद्या छापू," संपादक म्हणाले. "पण पुरावा हवा. भाड्याच्या प्रत्येक पालखीवर सरकारी नंबर असतो. ही कितवी?"

नंबराशिवाय थाप लंगडी, हे पिनफोल्डला पक्कं ठाऊक होतं. डोक्यात आला तो पहिला आकडा त्याने ठोकून दिला. "एकशे त्र्याहत्तर!"

दाराशी उभ्यानं कॉफी पिणारा एक दांडगा भोई खोकला. त्याने पेला खाली ठेवला.

"ओ पिनफोल्डसाहेब, एकशे त्र्याहत्तर आमची. काल संध्याकाळी एकच गिऱ्हाईक उचललं, याच दारातून. आत बाईबिई कुणी नव्हती, आत तुम्ही होता. आणि घर येईपर्यंत गात होता तेही तुम्हीच!"