कडू पानाची साक्ष

बंद पडलेल्या वीटभट्टीवर त्या दिवशी इतकी गर्दी होती, की मी लोकांच्या डोक्यांवरून चालत पहिल्या रांगेत पोचलो. ही एवढी थाप झाली. ती मारल्याशिवाय मला गोष्ट सुरू करता येत नाही. पुढचं मात्र खरं आहे.

मधोमध पानवाला बाबा बसला होता. चोग्याला दोन खोल खिसे, हातात हिरवं पान.

"ही सत्यपर्णी! माणसाची जीभ खोटं बोलते, पान बोलत नाही. खऱ्याला गोड, खोट्याला कडू! चावणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही. पानच बोलेल!"

भट्टीभोवती माजलेल्या त्या रोपट्याला आम्ही तोवर तण म्हणत होतो.

समोर माझी वहिनी उभी होती. थोरला भाऊ गेल्यापासून ती माझ्या शेजारच्या खोलीत शिवणकाम करून राहायची. वाण्याच्या आजारी आईची उठबस तिनंच केली होती. म्हातारी गेली आणि तिची सोन्याची बांगडी सापडेना. आळ वहिनीवर आला.

"अहो, ती बांगडी तर..." वहिनीनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाबानं डाव्या खिशातलं पान तिच्या तोंडात घातलं. तिचा चेहरा पिळवटला. ती थुंकली.

"कडू! कडू!" वाणी ओरडला, मागोमाग सगळे. संपला खटला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी साधं फडकंही शिवायला टाकेना. माझ्या घरात मी एकटा. भिंतीपलीकडची मशीनची खडखड हीच काय ती सोबत. मी भिंतीकडे तोंड करून थापा मारायचो आणि मजेशीर जागी मशीन थांबायची. म्हणजे वहिनी हसते आहे, हे मला कळायचं. आता मशीन मुकी झाली. बोचकी बांधल्याचे आवाज येऊ लागले. ती बहिणीच्या गावाला निघाली होती, कायमची.

मी नवं घोंगडं घेऊन बाबाकडे गेलो. बाबा गावात नवा. माझी कीर्ती त्याच्या कानावर नव्हती.

"बोल, काय सांगायचंय?"

"लहानपणी मी वादळाला शेपटीला धरून घरी आणलं, बाबा. आठवडाभर खाटेला बांधून ठेवलं होतं."

बाबानं एकदा माझ्याकडे, एकदा घोंगड्याकडे पाहिलं. हात उजव्या खिशात गेला. पान चावलं, तर कडूपणाचा मागमूस नाही!

"अरे, थापाड्या खरा निघाला!" कुणीतरी खिदळलं. वादळाचं काय करावं, ते मात्र बाकीच्यांना कळेना.

पानाला भोकं होती. अर्धं मी गालात धरून ठेवलं आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे नेलं. बाईंनी ते भिंगाखाली धरलं, मग चप्पल घातली.

"चला, भट्टीवर."

भट्टीच्या एका अंगाला विटांचा चुरा, दुसऱ्या अंगाला शेणाचा जुना उकिरडा. सगळ्यांसमोर बाईंनी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं.

"झाड एकच आहे. चुऱ्यात त्याला खायला काही नाही. तिथं एक पान गेलं तर दुसरं फुटायला जीव जातो, म्हणून ते प्रत्येक पान जपतं. किड्यांनी खाऊ नये म्हणून त्यात कडू रस भरतं. उकिरड्यावर चंगळ आहे. तिथं ते भराभर वाढतं, कडूपणाच्या फंदात फारसं पडत नाही."

"बाई, श्रद्धा लागते!" बाबा गरजला.

"अळीला कुठं असते श्रद्धा? तुमच्या उजव्या खिशातली पानं तिनं आधीच चाखलीत."

मी बाबाचे खिसे उलटे केले. उजवीकडची पानं भोकाभोकांची, डावीकडची अखंड. बाईंनी चुऱ्यातलं पान वाण्याच्या हातावर ठेवलं. त्यानं चावलं आणि लांब पिचकारी मारली.

"तुम्ही काय चोरलंत हो?" बाईंनी विचारलं.

हसता हसता गर्दी पांगली. बाबा त्याच्या आधीच पांगला होता, माझं घोंगडं घेऊन.

संध्याकाळी वहिनीच्या दाराशी कपडे घेऊन रांग लागली. तिनं दार उघडलं नाही. लोक गेल्यावर मी भिंतीशी बसलो.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "म्हातारीचे हात सुजले होते, भाऊजी. तिनंच बांगडी काढली आणि माझ्याकडून उशीत शिवून घेतली. असेल अजून तिथंच."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"कडू तोंडाच्या बाईचं कोण ऐकतं? आणि विचारलं कुणी? तुम्ही तरी विचारलंत?"

मी वाण्याला सांगितलं, उशी उसवली. बांगडी निघाली. वाणी तिच्या दाराशी जाऊन रडला. वहिनी तरीही गेलीच. मी अजून भिंतीकडे तोंड करून थापा मारतो. मजेशीर जागी मीच थांबतो. पलीकडून काही येत नाही.

म्हणून सांगतो, आणि ही थाप नाही. पान खोटं बोलत नाही हे खरंच. पण ते फक्त आपल्या मातीबद्दल बोलतं. माणसाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर त्या माणसाला विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत थांबा.