मागच्या भिंतीवरची किंकाळी

माझा धाकटा भाऊ या शहरातला आद्य भित्तिचित्रकार. हे मी म्हणत नाही, समितीने म्हटलं होतं. घरात आम्ही त्याला भिंती नासवणारा म्हणायचो, आणि आमचे बाबा त्याहून बरंच काही म्हणायचे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाड्यांना रंग मारणाऱ्या गॅरेजमधून हा स्प्रेचे उरलेसुरले डबे आणायचा आणि रातोरात एखादी भिंत रंगवून सकाळी भांग पाडून शाळेत जायचा. बँकेच्या भिंतीवर ढेकर देणारी तिजोरी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर जीभ बाहेर काढलेला नळ. लोक पोट धरून हसायचे, कचेरीतले लोक चुना फासायचे, आणि हा पुढची भिंत शोधायचा. कुणी चौकशीला आलं की मी दारात उभी राहून ठणकावून सांगायचे, "आमच्या घरातला मुलगा असलं काही करत नाही." तोवर तो मागच्या दाराने पसार झालेला असायचा. पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून तो कधीच सापडला नाही.

सापडायचा तो धाप्या. हा भावाचा शाळासोबती आणि पहिला चेला. चित्रं बरी काढायचा, पण चार पावलं पळाला की त्याला धाप लागायची. दोघांनी मिळून भिंत रंगवली की पोलिसांच्या हाती धाप्या एकटाच लागायचा, आणि भाऊ घरी येऊन दूध पिऊन झोपायचा.

पुढे सगळे मोठे झाले. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मग छापील फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळून काड्या झाले. अशात शहराला एकाएकी भिंतींवरच्या चित्रांचा अभिमान वाटायला लागला. ज्यांनी जन्मभर चुना फासला तेच आता परदेशी पाहुण्यांना भिंती दाखवत हिंडू लागले. यातला पहिला कोण हे ठरवायला समिती नेमली. जो पहिला ठरेल त्याला कला महाविद्यालयात कायमची नोकरी, आणि त्याचं चित्र शहराची ठेव म्हणून जपलं जाणार.

पण पहिला ठरायचं तर पुरावा हवा. अध्यक्षबाईंनी पोलिसांकडचं रेकॉर्ड मागितलं. धाप्याचं रेकॉर्ड बघावं तर दोन हातांनी उचलावं लागेल एवढं. आमच्या दिवट्याकडे काय, तर शाळेने दिलेला उत्तम वर्तणुकीचा दाखला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोराला आपण चोर आहोत हे पटवून देता येईना.

मग त्याला आमच्या घराची मागची भिंत आठवली.

आमचं घर म्हणजे माझं सासरचं नव्हे, बाबांचंच. बाबा गेल्यावर मी आणि आमचे हे तिथे राहायला आलो. मागच्या बोळातल्या त्या भिंतीवर भावाने शाळेत असताना बाबांना रंगवलं होतं. बाबा दुपारी झोपायचे ते आ वासून, आणि घोरायचे असे की ताटल्या वाजायच्या. त्यांनी एकदा ह्याला बदडलं, त्याचा सूड म्हणून ह्याने त्यांचा तो वासलेला आ भिंतीएवढा मोठा काढला. बोळ इतका अरुंद की चुना फासायलाही कुणी आलं नाही. चित्र वाचलं ते आळसामुळे.

आता नेमक्या त्याच भिंतीत मला खिडकी पाडायची होती, आणि ती का, हे सांगायला हवं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. गुडघे गेल्यामुळे बाजारातलं दुकान सोडलं आणि मागच्या खोलीत टेबल मांडलं. पण त्या खोलीत भर दुपारीही पत्र्याच्या पेटीत बसल्यासारखं वाटतं. दिवे लावून पाहिले, तर घड्याळाच्या काचेवर त्यांची चकाकी येते. बारीक कामाला उजेड लागतो तो उन्हाचा, आणि तोही आडून आलेला. गवंडी ठरला होता. सोमवारी येणार होता.

"ताई, एवढं समितीला बघून जाऊ दे," भाऊ म्हणाला. "मग पाड तुझी खिडकी."

"आणि त्यांनी नको म्हटलं तर?"

"ते कोण नको म्हणणार? भिंत तुझी आहे."

ह्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "अगं, त्याचं नशीब उघडतंय. खिडकी काय, पुढच्या महिन्यात उघडेल."

समिती आली. बोळात एका वेळी एकच माणूस मावत असल्यामुळे आठही जण रांगेने आत शिरले आणि शेवटच्याला पुढे काय आहे ते दिसलंच नाही. त्याचंच मत सगळ्यात ठाम होतं. एक जाणकार होते, गळ्यात चष्मा अडकवलेले. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही व्यवस्थेविरुद्धची किंकाळी आहे. निःसंशय तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. निःसंशय."

"अहो, ते घोरतायत," मी म्हणाले.

अध्यक्षबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. अशा हसण्याने माझं डोकं फिरतं, पण भावाने डोळ्यांनी हात जोडले म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

आठवड्याभरात भाऊ आद्य ठरला. पेपरात फोटो आला. आणि आमच्या भिंतीवर पितळी पाटी लागली: या भिंतीस धक्का लावणे गुन्हा आहे. मी समितीच्या कचेरीत गेले, खिडकीचं सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, "बाई, किंकाळीत खिडकी पाडून कसं चालेल?" भिंत माझी, घर माझं, बाप माझा, आणि त्यांच्या तोंडाची मालक समिती.

भाऊ मात्र सुखात होता. नवा कोट घालून महाविद्यालयात जायचा. तिथे मुलांना काय शिकवतोस विचारलं, तर म्हणाला, "पळायला बंदी आहे, त्यामुळे अजून काहीच नाही." खूप वर्षांनी मी त्याला पोटभर जेवताना बघत होते, म्हणून मी खिडकीचा विषय काढला नाही.

मग एक म्हातारी आपल्या गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ घेऊन आली. बंद पडलं होतं, चालू करून हवं होतं, बाकी काही नको. ह्यांनी दोन दिवस त्यावर मान मोडली. तिसऱ्या दिवशी अंदाज चुकला आणि आतली केसासारखी स्प्रिंग चिमट्यात तुटली. तसली आता कुठे मिळत नाही. म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती ह्यांचीच समजूत घालून, बंद घड्याळ रुमालात बांधून गेली.

ती गेल्यावर ह्यांनी डोळ्याचं भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "आता पुरे झालं. लोकांच्या वस्तूंचं वाटोळं करण्यापेक्षा हात जोडून बसलेलं बरं." त्यांचा आवाज चढला नव्हता. आमच्या संसारात मी इतकी कधी घाबरले नव्हते. ज्या माणसाला जन्मात एकच काम नीट करता येतं, त्याने ते सोडलं तर तो दिवसभर करणार काय?

रविवारी भाऊ जेवायला आला. भावोजी कुठे म्हणून विचारलं, तर हे भर दुपारी अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी झालेलं सांगितलं. थोडं तोडूनच बोलले. तो उठला. मागच्या खोलीत गेला, दिवा बंद केला आणि त्या टेबलाशी बसून राहिला. बाहेर आला तो न जेवताच गेला.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीला तो मला ओढतच घेऊन गेला. धाप्याही होता तिथे, उपेक्षित कलावंत म्हणून. भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "ते चित्र जुनं नाही. चार वर्षांपूर्वी मीच काढलं आणि चहाच्या पाण्याने जुनं दिसेलसं केलं. मी तुम्हाला फसवलं."

मला वाटलं, आता कुणी तरी रंग खरवडून तपासायला सांगेल. पण तपासायचं तर आधी आपली अक्कल तपासावी लागली असती, त्यामुळे ते कुणी सुचवलं नाही. जाणकारांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मला पहिल्यापासून शंका होती," ते म्हणाले. "ते कान बघा. इतके धीट कान त्या काळात कुणी काढत नव्हतं."

"निःसंशय," तो रांगेत शेवटी राहिलेला सदस्य म्हणाला.

धाप्या उभा राहिला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. बाबांचा तो आ रंगवताना डबा त्याने धरला होता. त्याने भावाकडे बघितलं. भावाने मान हलवली, नाही म्हणून. धाप्याला तिथल्या तिथे धाप लागली, आणि ती बसेपर्यंत तो आद्य झाला होता.

पितळी पाटी निघाली. नोकरी गेली, कोट गेला, पेपरात पुन्हा फोटो आला. ज्या दोन-चार दुकानदारांनी मायेपोटी पाट्या रंगवायला दिल्या होत्या, त्यांनीही भामट्याकडून नको म्हणून परत मागवल्या. गवंडी आला तेव्हा भाऊ बोळात हजर होता. कुठे फोडायचं विचारल्यावर त्याने खडूने चौकोन आखला, बरोबर तोंडावर.

"इथेच पाड. नाही तरी उघडंच आहे," म्हणाला.

गवंडी हसला. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

खिडकी झाली. आठ दिवस हे तिकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी मला मागच्या खोलीतून चिमटा ठेवल्याचा आवाज आला, आणि मी मुद्दामच आत गेले नाही.

आता धाप्याच्या नावाने सहल निघते. परवा गाईड पंधरा-वीस माणसं घेऊन आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबला. आत हे टेबलाशी काम करत होते आणि भाऊ बाजूला बसून त्यांना पार्ट पुसून देत होता. मी खिडकीचे गज पुसत होते.

"ही ती बनावट चित्राची जागा," गाईड म्हणाला. "एका भामट्याने शहराला फसवून आद्य चित्रकाराचा मान लाटायला पाहिलं. आता कान तेवढे उरलेत."

माणसं हसली. एका बाईने मला विचारलं, "तुम्ही ओळखता का हो त्याला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिजोरी, नळ, बाबा, सगळं. एक शब्द बाहेर पडला की उद्या समिती दारात, खिडकी बुजवायला आणि वर शहराची ठेव फोडली म्हणून खटला भरायला. आत ह्यांचा चिमटा थांबला होता. भावाने वर बघितलंच नाही, पुसतच राहिला.

"ओळखते ना, माझाच भाऊ," मी म्हणाले. "पक्का खोटारडा आहे. त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका."

गाईड खूश झाला. उद्यापासून रोज हे सांगाल का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं.