फोटोपुरता पाळणा

मी पाळणा बोलतोय. लोखंडी घोडीचा, पिवळ्या कापडाचा. पनवेलच्या बाजारातून मला टेम्पोत घालून आणलं, ते कुणाच्या घरी नाही, एका कारखान्यात. इथे बायका बाटल्यांची झाकणं तपासून खोक्यांत भरत. माल परदेशी कंपनीला जाई. तिची अट होती, कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. वर्षातून एकदा तिचे तपासनीस येत.

म्हणून एका खोलीच्या भिंतीवर ससे रंगवले आणि मला मधोमध ठेवलं. मूल मात्र नव्हतं. ऑफिसातल्या पद्मजा मॅडमनी झाकणं तपासणाऱ्या, नेरे गावच्या भामाला सांगितलं, "उद्या बाळाला घेऊन ये."

भामाची कोमल नऊ महिन्यांची. माझ्यात ठेवताच झोपली. भामा दोनदा येऊन तिला पाजून गेली. तपासनिसांनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी भामा पुन्हा लेकीला घेऊन दारात. "मॅडम, आज पन ठेवू ना? घरी सासूला दिसत नाय."

"अगं, ते कालपुरतं होतं. सांभाळायला बाई कुठेय इथे? मी साहेबांना विचारलं, ते नाही म्हणाले."

दुपारपर्यंत माझ्यात रिकामी खोकी रचली गेली.

तीन आठवड्यांनी खोकी न्यायला आलेल्या बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. कोमल रांगत मोरीत गेली. बादली भरलेली होती. सासू हाका मारत घरभर चाचपडत राहिली. आठवड्याने भामा कामावर आली.

पुढच्या वर्षी खोकी निघाली, दुसऱ्या कुणाचं मूल आणलं. मराठी बोलणाऱ्या एक तपासनीस बाई होत्या. त्यांनी भामाला खोलीत बोलावलं. "तुमचं मूल इथे असतं का?"

पद्मजा मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

"येकच दिस होती," भामा म्हणाली. "तुमी फोटो काढलेत त्या दिशी. आता ती नाय."

बाईंनी लिहून घेतलं. मला वाटलं, आता तरी ही खोली चालू होईल. पण दोन महिन्यांत कंपनीने इथला माल घेणंच थांबवलं. साठ बायका घरी बसल्या. जाताना एकजण भामाला म्हणाली, "तुझी गेली, वाईट झालं. पन आमच्या पोरांच्या तोंडचा घास कशापायी काढलास?"

मला गेटमागे भंगारात टाकलं. वॉचमनने बाहेर पडणाऱ्या भामाला हाक मारली, "ताई, पाळणा नेता का?"

"झोपवू कुनाला?" म्हणून ती चालू लागली.

दूर बसून आमचे फोटो बघणाऱ्यांनो, खोटं सापडलं म्हणून पाठ फिरवू नका. खरं बोलणारीचं काम राहू द्या, आणि खोलीत मुलं सांभाळणारी एक बाई बसवा. माझे सांधे गंजलेत, पण दोरी अजून शाबूत आहे.