मुसळाच्या मापाचं कडं

"मावशी, हात पुढे कर. माप घेते."

"हात कुठून पुढे करू? इद्दतीत आहे मी."

तिमाने जीभ चावली. शेजारची ही एकोणीस वर्षांची पोर. माझा नवरा अथमान गेल्यापासून रोज दुपारी सोबतीला येऊन बसायची. चार महिने दहा दिवस विधवेने उंबरा ओलांडायचा नाही. अत्तर नाही, मेंदी नाही, अंगावर दागिना म्हणून दोरासुद्धा नाही. आणि ही बया मला शिकवत होती काय, तर दोऱ्याचे दागिने करायला.

"याला मॅक्रमे म्हणतात," ती म्हणाली.

"गाठीच ना? आमच्याकडे यांना मासेमारी म्हणतात."

दोरा अथमानचाच होता. त्याचं अर्धं विणलेलं जाळं गच्चीवर पडून होतं, त्यातला एक गुंडा मी आणला. मनगटाची सोय नव्हती म्हणून मुसळ आणलं. जाडी साधारण माझ्या मनगटाएवढीच. तिमाने फळीवर चार दोरे टाचले.

"मधले दोन नुसते ताठ राहतात. बाजूच्या दोघांनी राबायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून."

"मधले काहीच करत नाहीत?"

"काही नाही."

"म्हणजे पुरुष."

ती एवढ्या मोठ्याने हसली की मला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला. इद्दतीच्या घरातून हसू बाहेर गेलं तर लामू बेटावरची गाढवंसुद्धा बातमी पोचवतात.

माझी पट्टी मात्र सरळ होईना. पिळासारखी वळत गेली.

"तू एकाच बाजूने बांधतेयस, मावशी."

"सवय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी पट्टी सरळ आली. मुसळाभोवती गुंडाळून मी टोकं बांधली आणि खेचली. मुसळावर कडं असं शोभलं, की मला मुसळाचा हेवा वाटला. तिमा ते हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

"हे उघडतं कुठून?"

"उघडायला कशाला हवं?"

"मुसळाला पंजा नसतो, मावशी! बाईला असतो. हात आत जाणार कसा?" तिने गाठ ओढून पाहिली. "आणि ही कसली गाठ?"

जाळ्याची. सव्वीस वर्षं अथमानच्या मागे बसून बघितलेली. ओढाल तेवढी आवळते, सुटत नाही.

"मासा नाही पकडायचा," तिमा म्हणाली. तिने सरकती गाठ दाखवली. कडं ताणलं की मोठं होतं, हात आत जातो, मग दोर ओढून बसवायचं. मला ती जमायला नऊ दिवस लागले. बोटं आपली सारखी जाळ्याकडे वळत.

त्याच सुमारास माझा दीर शेकुवे आला. इद्दतीत त्याने मला बघायचं नाही, म्हणून तो पडद्यापलीकडे उभा राहायचा. खाली त्याचे पाय दिसत. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला.

"वहिनी, आई थकलीय. दिवस पुरे झाले की तुम्ही पाते बेटावर या, तिच्यापाशी. मी होडी घेऊन येतो. या घराला कुलूप लावू."

"बरं," मी म्हटलं.

पाय निघून गेले. तिमा माझ्याकडे बघत होती.

"मावशी, हे घर तुझ्या बापाने तुला लग्नात दिलंय. तुझं आहे. मग 'बरं' काय?"

काय सांगणार? विचार करायच्या आधीच निघतं ते तोंडातून. अथमान वाईट नव्हता. तो विचारायचा, मी बरं म्हणायची, आणि अशी सव्वीस वर्षं गेली. इद्दत सुरू झाली तेव्हा बायका हळहळल्या, बिचारी कोंडली गेली म्हणून. मला तर फरक एवढाच कळला की आता मासे साफ करायचे नव्हते.

मी गाठी मारत राहिले. निळी कडी, तपकिरी कडी, एक शिंपला अडकवलेलं. रोज ठरवायची, शेकुवे आला की सांगायचं. पाय यायचे, आईची खुशाली सांगायचे, जायचे. मी म्हणायची, बरं.

शेवटच्या दिवशी बायकांनी मला न्हाऊ घातलं, लेसोची नवीन छापील कापडं नेसवली. गाठोडं मी आदल्या दिवशीच बांधलं होतं. कुणीतरी माझ्या सोन्याच्या बांगड्या पेटीतून काढल्या.

"आधी ते," मी म्हटलं.

ते पहिलं कडं. चार बोटं आत गेली आणि अंगठ्याच्या हाडावर अडलं. साबण लावून पाहिला. नाहीच. मग तिमाने निळं पुढे केलं. कडं ताणलं, हात आत गेला, दोर ओढला. मनगटावर बसलं.

"वहिनी," पडद्यापलीकडून आवाज आला, "भरती आहे तोवर निघू या."

तोंडात 'ब' आला होता. खरंच आला होता.

मी शिंपल्याचं कडं पडद्याखालून सरकवलं.

"हे आईंना द्या. त्यांचं मनगट बारीक झालं असेल. मापाची काळजी नको, दोर ओढला की बसेल."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच राहते, शेकुवे. माझ्या घरात."

"वहिनी, तुम्ही बरं म्हणाला होतात!"

"म्हणाले होते."

पाय हलेनात. एका हाताने खाली येऊन कडं उचललं. मग तो म्हणाला, "आईला काय सांगू?"

तुटक्या अंगठ्याची चप्पल जमिनीवर घासली, मग दोन्ही चपला वळल्या.

बायका हळूहळू खोबऱ्याच्या भाताकडे वळल्या. मी गाठोडं पुढे ओढलं, कपडे परत कपाटात लावावेत म्हणून. गाठ सुटेना. बघते तर मीच मारलेली, जाळ्याची.

"सुरी आणू?" तिमाने विचारलं.

"नको. तू जेव."

मी उंबऱ्यावर बसले, गाठोडं मांडीवर घेतलं आणि नखाने सुरुवात केली.