मान डोलावणारी मोटार

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक काळी, रुंद मोटार उभी. बॉनेटवर बैलाची झूल, आरशांना घुंगरू, काचेवर भस्माचे तीन पट्टे. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी नाही. शेजारी पाटावर नंदीकेश महाराज बसलेले. त्यांच्यामागे दोन शिष्य. एकाच्या हातात शंख, दुसऱ्याच्या खांद्याला झोळी.

“नंदीला विचारा,” महाराज सांगत होते. “माणूस खोटं बोलंल, डॉक्टर खोटं बोलंल. नंदीला पोटच न्हाय, त्यो कशापायी खोटं बोलंल?”

पेट्रोल कुठं जातं, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

माणूस हात जोडून पुढं यायचा, शंख वाजायचा आणि मोटार समोरून हळूहळू वाकायची. चांगली वीतभर. मग पुन्हा वर. आत कोणी नाही, बाहेरून कोणी हात लावलेला नाही. बायकांच्या डोळ्यांत पाणी, पुरुषांच्या हातात मोबाइल.

कोपऱ्यावर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मोजत बसलो. एकवीस वेळा मान डोलली, एकवीस वेळा शंख वाजला. शंखाआधी एकदाही नाही. दर पाच-सहा जणांनंतर आरती व्हायची, हलगी आणि झांजांच्या दणक्यात, आणि ती बराच वेळ चालायची. मान डोलली नाही अशी माणसं चार. चारही बायका. चौघींपैकी एकीच्याही मागे बोलणारं कोणी उभं नव्हतं. नंदीला माणसं फार चांगली ओळखता येत होती.

चौथी आमची चैताली.

तिचा नवरा सिद्राम टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याला टीबी झाला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू झाल्या, सहा महिन्यांच्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, आणि नेमका त्याच आठवड्यात त्याची आई दानम्मा महाराजांकडे जाऊन आली. झालं. खोकला थांबवला गोळ्यांनी, हार पडला मोटारीला. “आता गोळ्या बंद,” महाराजांनी सांगितलं. चैताली ऐकेना. सासूची नजर चुकवून रोज सकाळी नवऱ्याला गोळ्या द्यायची. ते उघडकीला आलं आणि आज निकाल लागला.

“नंदी वाकत न्हाय,” महाराज म्हणाले. “घरातली पीडा हीच हाय. हिला म्हायेरी धाडा. आन त्या इंग्रजी गोळ्या नंदीच्या पायाशी ठेवा.”

दानम्मानं गोळ्यांचा स्टीलचा डबा मोटारीच्या पुढच्या बंपरखाली सरकवला. चैताली पिशवी घेऊन दारात उभी. सिद्राम उंबऱ्यावर बसून खाली बघत होता. दोन महिन्यांत त्याच्या अंगावर जरा मांस आलं होतं. गोळ्या देणारी गेली की ते किती दिवस टिकणार, हे त्या गर्दीत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. माझा संताप झाला, पण मी दुकानातच बसून राहिलो, हेही सांगितलं पाहिजे.

एवढ्यात संघप्रिया मॅडमनी स्कूटर लावली. आमच्याच बोळात राहतात, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतात.

“चैताली, पिशवी घेऊन कुठं निघालीस?”

“मोडनिंबला. भाऊ न्यायला यायलाय.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मोटारीकडं जरा वेळ बघितलं. मग माझ्याकडं आल्या. मी माझा हिशेब सांगितला. आरतीचं ऐकल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

“अण्णा, आता मधे आरती होऊ द्यायची नाही. एवढंच बघा.”

त्या गर्दीतून पुढं गेल्या. “महाराज, चैतालीचा निकाल लागला, आता आमचाही लावा. बोळातल्या सगळ्या बायका. एकीमागं एक, न थांबता.”

महाराजांनी ओठावरून जीभ फिरवली. “एका बैठकीत एवढ्या?”

“का? नंदी दमतो?”

“नंदी दमत नसतो,” महाराज बोलून गेले.

“मी पन उभी राहू का वो?” मागून लालबीनं विचारलं. ती फळांची गाडी सोडून आली होती.

“तुमी तर पयल्या,” चैतालीची शेजारीण म्हणाली, आणि रांग लागली.

आता महाराजांची पंचाईत झाली. चार एकट्या बायकांना नाही म्हणणं सोपं असतं. सगळा बोळ रांगेत उभा राहिल्यावर कुणाला नाही म्हणायचं? शंख वाजला, लालबीला मान डोलली. दुसरीला डोलली. तिसरी, चौथी. सहाव्या वेळी मोटार वर यायला कुंथायला लागली.

“आरती!” शंखवाला म्हणाला. “आरतीची वेळ झाली.”

“थांब की रं बाबा,” लालबीनं हलगीवाल्याचा हात धरला. “आमचा नंबर हाय आत्ता.” झांजा तोवर मी उचलून दुकानात ठेवल्या होत्या.

आठव्या बाईपुढं नंदी वाकला आणि तसाच बसून राहिला. शंख वाजला. पुन्हा वाजला. शंखवाल्याचे गाल फुगून लाल झाले, मोटार काही उठेना. आणि त्या शांततेत मोटारीच्या पोटातून आवाज ऐकू यायला लागला. घर्रर्र. ओलं खोबरं वाटणाऱ्या मिक्सरसारखा.

“देवानं समाधी लावली,” महाराज म्हणाले.

“समाधीत एवढं घोरत्यात व्हय?” लालबीनं विचारलं.

मॅडम खाली वाकल्या आणि चाकाच्या आत मोबाइलचा उजेड टाकला. “या, बघा. हा काळा रबरी फुगा दिसतोय? साध्या गाडीत इथं लोखंडी स्प्रिंग असते. तिची उंची कारखान्यात ठरते. वर चार माणसं बसली तर दबणार, उतरली की उठणार. आपणहून वाकायची नाही. या गाडीत स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे बसवलेत. हवा सोडली की गाडी खाली, भरली की वर. खराब रस्त्याला उंच करायची, म्हाताऱ्या माणसाला चढायला खाली घ्यायची, यासाठी असतं हे. चांगली सोय आहे. पुण्याच्या एसी बसच्या चाकांपाशीही असेच फुगे असतात. बस थांबल्यावर कधीकधी फुस्स होतं ना? तोच आवाज इथं शंखाखाली झाकलाय. आणि घर्रर्र करतोय तो फुग्यांसाठी टाकीत हवा भरणारा पंप. टाकीतली हवा आठ बायकांनी संपवली. आरती असते ती टाकी भरेपर्यंत पंप ऐकू येऊ नये म्हणून.”

झोळीवाल्या शिष्याचा एक हात अजून झोळीतच होता.

“झोळीतला हात बाहेर काढा,” मॅडम दुसऱ्या शिष्याला म्हणाल्या.

हात बाहेर आला. हातात चार बटणांचा रिमोट.

मॅडमनी तो घेतला आणि चैतालीच्या हातात दिला. “पंप पाच मिनिटं चालू दे. मग वरचं बटण दाब.”

ती पाच मिनिटं महाराजांना फार लांब गेली असणार. जायला वाट नव्हती. पुढं बायका, मागं मी आणि बसलेली मोटार.

चैतालीनं अंगठा टेकला. नंदी उठला. जिच्यापुढं वाकायला तयार नव्हता, तिच्या अंगठ्यासरशी उठला.

दानम्मा पुढं गेली. बंपरखाली डबा चेपून पडला होता. ती रस्त्यावर पालथी झाली, हात आत घातला. लांबून बघणाऱ्या एकानं साष्टांग नमस्कार समजून हात जोडले. दानम्मानं डबा ओढून काढला, झाकण दातांनी उचकटलं, पाकिटं पदराला पुसली.

“चैताली,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, “आजची दिली न्हाईस न्हवं अजून? पानी आन.”

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, सह्या बोळातल्या बायकांच्या. पण ते दुसऱ्या बोळात दुसऱ्या नावानं उभे राहतील, आणि तिथंही कुणाच्या तरी गोळ्या बंद होतील. म्हणून राग आवरत नाही. दारावर नंदीबैल येतो, पाऊस पडेल का विचारलं की मान हलवतो, आणि आपण हसतो. वेसण मालकाच्या हातात असते हे आपल्याला ठाऊक असतं. मग मोटारीपुढं उभं राहिल्यावर ती अक्कल कुठं जाते? मान डोलताना दिसली की आधी वेसण शोधा. ती सापडेपर्यंत हात जोडू नका, गोळ्या थांबवू नका, आणि लेकी-सुनांना तर मुळीच घराबाहेर काढू नका.