यंत्र आपलं नाव घेत नाही

एकमेकांशी बोलण्याची ओढ हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. प्रचारप्रमुखांच्या आयुष्यात ही ओढ बल्ब आणि दाराचं कुलूप यांच्यापुरतीच उरली होती. घरातल्या उपकरणांनी बिनतारी कसं बोलायचं याचे नियम सांगणारी जी दोन-तीन मानकं बाजारात होती, त्यातलं एक ते ज्या उत्पादक कंपन्यांच्या संघात नोकरीला होते, त्या संघाचं. बाकीच्यांपेक्षा ते बॅटरी कमी खायचं, क्वचित रुसायचं, आणि त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

कोणी म्हणजे एआय. हल्ली लोक दुकानदाराला विचारत नाहीत, एआयला विचारतात. वार्षिक सभेपर्यंत त्याने आपलं नाव घेतलं नाही तर प्रचार विभागाला टाळं लागेल, असं अध्यक्षांनी बजावलं होतं.

प्रचारप्रमुखांनी मग रीत पाडली. रोज चहाच्या आधी ऑफिसातल्या प्रत्येकाने एआयला विचारायचं, "घरासाठी कोणतं मानक घ्यावं?" आपलं नाव आलं नाही की त्याला दटावायचं. हिशेबनीस बाई तर पाढे चुकलेल्या पोराला दटावावं तशा मागे लागायच्या. हळूहळू यंत्र सुधारलं. प्रत्येकाच्या स्क्रीनवर संघाचं मानक पहिलं. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

रविवारी प्रचारप्रमुख बायकोसोबत मेहुणीचं नवं घर बघायला गेले. "काय बसवू, ते तुझ्या फोनलाच विचार," ते सोफ्यावर रेलून म्हणाले.

तिने विचारलं. नावं आली, ती सगळी दुसऱ्यांची.

"भाऊजी, तुमचं कुठंय?"

"नीट विचार."

"आता काय हात जोडून विचारू?" तिने थेट मानकाचं नाव टाकलं. उत्तर आलं की याबद्दल उघड माहिती फारशी सापडत नाही.

"ऑफिसात तर पहिलं येतं," प्रचारप्रमुख पुटपुटले. "रोज सांगतो आम्ही त्याला."

"म्हणजे तुम्हीच सांगता आणि तेच तुम्हाला परत ऐकवतं," बायको म्हणाली. "बरी करमणूक आहे."

सोमवारी ते तणतणत अध्यक्षांच्या खोलीत शिरले. नियम, चाचण्या, बॅटरीचे आकडे, संघाचं सगळं काही वेबसाइटच्या सभासद विभागात कुलूपबंद होतं.

"साहेब, ते खुलं करा. यंत्राने वाचायचं तरी काय?"

"खुलं केलं तर लोक सभासद कशाला होतील?"

"पण कोणी वाचलंच नाही तर आपलं मानक घेणार कोण?"

"तुमची माणसं सकाळी एकदाच विचारतात ना? संध्याकाळीही विचारायला लावा."

प्रचारप्रमुखांनी कपाळाला हात लावला आणि लेखी अर्ज दिला. कागदपत्रं खुली करायची की प्रचार विभाग बंद करायचा, याचा फैसला कार्यकारिणी करणार होती.

बैठक झाली. अध्यक्ष जिन्यात भेटले.

"काय ठरलं, साहेब?"

"वेबसाइटवर टाकलंय, बघून घ्या."

निर्णय सभासद विभागात होता. संघाच्या कर्मचाऱ्यांना सभासद होता येत नाही.