बेहाल्याच्या दवाखान्यातला बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका सुताराने मला घडवले आणि तेव्हापासून मी इथल्याच एका सर्जनच्या दवाखान्यात आहे. इकडे दवाखान्याला सगळे चेंबर म्हणतात. नवा होतो तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवत. आता माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला आहे. तक्रार नाही. माझ्यावर बसणाऱ्यांचे दुखणे माझ्याहून मोठे असते.

मनोहरराव आणि सुचित्राबाई हे मराठी जोडपे बँकेच्या बदलीने कलकत्त्याला आले आणि इथेच राहिले. दवाखान्यात आले की सुचित्राबाई नंबर लावायला जात, तोवर मनोहरराव पिशवी ठेवून त्यांची जागा धरत. आत डॉक्टरांशी बोलायचे ते बाईंनीच. गेल्या दुर्गापूजेनंतर त्या वारल्या.

परवा मनोहरराव एकटेच आले. जांघेतला हर्निया त्यांनी बरेच महिने अंगावर काढला होता. बसताना त्यांनी शेजारी पिशवी ठेवली.

एक बंगाली आजी आल्या. हिंदीत म्हणाल्या, "दादा, ही जागा कुणाची?"

"मिसेसची. येईलच," ते बोलून गेले. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. आजी शेजारी बसल्या.

"मनोहरबाबू!" कंपाउंडरने हाक मारली.

"दुसऱ्याला पाठवा," मनोहरराव म्हणाले. पुढच्या हाकेलाही तेच.

"कापतील म्हणून घाबरता?" आजींनी विचारले.

"कापू देत हो. पण आत जाऊन बोलू काय? सगळं तीच सांगायची."

"मग आधी मला सांगा. चुकलात तरी मी काही कापणार नाही."

मनोहररावांना हसू आले. हळूहळू त्यांनी सगळे सांगितले. तिसऱ्या हाकेला ते उठले.

पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकू आला. "खोकलो की फुगायचं, आडवं झालो की आत जायचं. कालपासून आत जात नाही. फार दुखतंय."

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "आजच ऑपरेशन करावं लागेल. घरी कोण आहे?"

"मुलगी. इथेच कलकत्त्यात, सॉल्ट लेकला असते. तिला काहीच सांगितलेलं नाही."

"लावा फोन."

फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. मग मनोहरराव म्हणाले, "नूपुर, बाळा, कामात आहेस का? मला तू इथं हवी आहेस."

मित्रांनो, दवाखान्यात कुणी एकटे बसलेले दिसले तर जवळ बसा आणि काय होतंय ते विचारा. मी फक्त बसायला जागा देऊ शकतो. विचारायला माणूसच लागते.